प्रताधिकार, आंतरराष्ट्रीय व्यापार करार आणि लोकहित : मराठी ग्रंथव्यवहाराच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

मुंबईच्या उत्तर सीमेवरील दहिसरच्या नाक्यावर २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत शहरात येणाऱ्या मालावर महापालिकेची जकात घेतली जात असे. माल अडविणे, त्याची मोजदाद करणे आणि कर भरल्यावर त्याला वाट मोकळी करून देणे, हे व्यापार-नियमनाचे सर्वपरिचित रूप होय. असे अडथळे कमी करणे हाच आंतरराष्ट्रीय व्यापार करारांचा परंपरागत हेतू होता. १९९५ पासून मात्र या करारांत एका वेगळ्या विषयाचा समावेश झाला. पुस्तक, गीत, चित्रपट यांची नक्कल कोणी, किती काळ आणि कोणत्या अटींवर करावी हा प्रश्न आयात-निर्यातीच्या वाटाघाटींचा भाग बनला. शुल्क घटविणारा करार मालाचा प्रवास सुकर करतो. प्रताधिकाराची मुदत वाढविणारा करार मजकुराचा मुक्त प्रवास पुढे ढकलतो. या दोन विरुद्ध दिशांची कलमे आज एकाच दस्तऐवजात शेजारी शेजारी आढळतात.

प्रताधिकार, ज्यास व्यवहारात 'कॉपीराइट' किंवा 'स्वामित्वहक्क' म्हटले जाते, हा लेखकाला ठरावीक काळापुरता मिळणारा हक्क आहे. तो काळ संपल्यावर ग्रंथ सार्वजनिक मालकीचा होतो. कोणीही तो छापावा, अनुवादावा, संगणकावर ठेवावा. लेखकाचे हित आणि वाचकाचे हित यांतील तोल या मुदतीत आणि कायद्यातील अपवादांत सामावलेला असतो. हा तोल कोणी ठरवावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. मुंबईतील आणि महाराष्ट्रातील मराठी ग्रंथव्यवहाराच्या आधारे १८४७ पासूनच्या इतिहासाचा मागोवा घेतल्यास असे दिसते की, मुदतीची मोजपट्टी बहुतेक वेळा बाहेरून आली; परंतु देशातील कायद्याने स्वतःसाठी राखलेल्या मोकळ्या जागेतच लोकहिताला आधार मिळाला. व्यापार करार नेमकी ही जागा आकुंचित करतात.

वसाहतकाळ : बाहेरची मोजपट्टी आणि मुंबईचे न्यायालय

ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत संमत झालेला १८४७ चा २० वा कायदा हा भारतातील पहिला प्रताधिकार कायदा. तो इंग्लंडमधील १८४२ च्या कायद्याच्या वळणावर बेतलेला होता. लेखकाची हयात व त्यानंतरची ७ वर्षे, तसेच ४२ वर्षांचा कालावधी, या मापांवर त्यात मुदत ठरविण्यात आली. मृत लेखकाचा ग्रंथ पुन्हा छापण्यास हक्कधारकाने नकार दिला, तर तो छापण्याचा परवाना सरकारने दुसऱ्यास द्यावा अशीही तरतूद त्यात होती. म्हणजे हक्काबरोबरच लोकहिताचे बंधनही या कायद्यात आरंभापासून होते.

ब्रिटनने १८८६ मध्ये बर्न येथील आंतरराष्ट्रीय प्रताधिकार करारावर स्वाक्षरी केली, ती आपल्या वसाहतींसह. त्यामुळे १८८७ पासून हिंदुस्थानही त्या कराराच्या कक्षेत आला. त्यासाठी येथील कोणाचेही मत विचारले गेले नव्हते. याच १८८६ मध्ये मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने वसाहतींतील वाचकांसाठी स्वतंत्र ग्रंथमाला सुरू केली. पुढे १९०१ मध्ये तिची आणि १९१२ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाची शाखा मुंबईत उघडली. हिंदुस्थानातील शिक्षणाची बाजारपेठ ब्रिटिश प्रकाशकांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरत होती, हे यावरून स्पष्ट होते.

या पार्श्वभूमीवर मुंबई उच्च न्यायालयाचा १८९५ चा निर्णय लक्षणीय ठरतो. मॅकमिलनच्या पुस्तकांचे उर्दू भाषांतर करणाऱ्या झका यांच्याविरुद्ध हा दावा होता. १८४७ च्या कायद्याने दिलेला हक्क मूळ पुस्तकाच्या प्रती काढण्यापुरता आहे, भाषांतर म्हणजे प्रत नव्हे, असा न्यायालयाचा आशय होता. या निर्णयाचे महत्त्व उर्दूपुरते मर्यादित नव्हते. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याची घडण मोठ्या प्रमाणावर भाषांतरांतून आणि रूपांतरांतून झाली. आगरकरांचे 'विकारविलसित' किंवा देवलांचे 'झुंझारराव' यांच्या मुळाशी असलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांवर कोणाचाच हक्क उरला नव्हता. परंतु समकालीन इंग्रजी ग्रंथांतील ज्ञान मराठीत आणू पाहणाऱ्यालाही त्या काळी कायद्याची आडकाठी नव्हती, हे मुंबईतील या निर्णयाने अधोरेखित केले.

१९११ च्या ब्रिटिश कायद्याने मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांवर नेली. १९१४ च्या हिंदुस्थानी कायद्याने ती येथे आणली; मात्र त्याच्या चौथ्या कलमात एक महत्त्वाचा फरक ठेवला. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा अनन्य हक्क प्रकाशनापासून केवळ १० वर्षे टिकेल. त्या अवधीत लेखकाने एखाद्या भाषेत अधिकृत भाषांतर प्रसिद्ध केल्यास त्या भाषेपुरता हा हक्क पुढेही राहील, अशी ती तरतूद होती. बर्न कराराने १८९६ च्या सुधारणेत स्वीकारलेला हा नियम १९०८ च्या बर्लिन सुधारणेने मोडीत काढला होता. तरीही हिंदुस्थानने आपल्या ग्रंथांपुरता तो जपला. अनेक भाषांच्या या देशात एका भाषेतील ग्रंथ दुसरीत लवकर जावा, ही त्यामागील व्यावहारिक गरज होती. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, तो काळ या कायद्याचा होता. बंगालीतून मराठीकडे आलेल्या साहित्याच्या ओघाचा विचार करताना ही कायदेशीर चौकट दुर्लक्षिता येत नाही.

स्वातंत्र्यानंतरची भूमिका

स्वतंत्र भारताने १९५५ च्या विधेयकात मृत्यूनंतरची मुदत ५० वरून २५ वर्षांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला होता. संयुक्त समितीने ही कपात मान्य केली नाही आणि १९५७ च्या कायद्यात ५० वर्षेच कायम राहिली. बर्न कराराच्या १९४८ च्या ब्रुसेल्स सुधारणेने ५० वर्षे ही किमान मर्यादा सदस्यांना बंधनकारक केली होती, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. भाषांतराचा १० वर्षांचा नियम नव्या कायद्यात गेला. त्याऐवजी प्रकाशनानंतर ७ वर्षांनी, ठरावीक अटी पूर्ण झाल्यास, भाषांतराचा परवाना मागण्याची सोय ३२ व्या कलमात करण्यात आली.

विकसनशील देशांना शिक्षणासाठी अधिक सवलत मिळावी, या मागणीचे नेतृत्व करणाऱ्यांत भारत अग्रभागी होता. १९६७ च्या स्टॉकहोम परिषदेत त्यासाठी एक स्वतंत्र मसुदा संमतही झाला. परंतु प्रकाशनव्यवसायात प्रबळ असलेल्या देशांनी तो स्वीकारला नाही. १९७१ मध्ये पॅरिस येथे तडजोड होऊन बर्न कराराला एक परिशिष्ट जोडण्यात आले. त्यास अनुसरून भारताने १९८३ मध्ये आपला कायदा सुधारला. अध्यापन, विद्याव्यासंग किंवा संशोधन यांसाठी परदेशी ग्रंथाच्या अनुवादाचा परवाना ३ वर्षांनी मागता यावा, आणि कोणत्याही विकसित देशात सर्वसाधारण वापरात नसलेल्या भाषेत अनुवाद करावयाचा असल्यास १ वर्षानेच मागता यावा, असे त्यात नमूद आहे.

मराठी ही नेमकी या दुसऱ्या वर्गात मोडणारी भाषा आहे. परदेशी विद्यापीठात प्रसिद्ध झालेला अर्थशास्त्राचा वा समाजशास्त्राचा ग्रंथ मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी भाषांतरित करण्याचा कायदेशीर मार्ग अशा रीतीने उपलब्ध आहे. तथापि त्याची प्रक्रिया लांबलचक असून मार्ग जवळजवळ वापराविना पडून राहिला. सवलत कागदावर मिळविणे आणि ती वर्गखोलीपर्यंत पोहोचविणे यांतील हे अंतर व्यापार करारांच्या माथी मारता येणार नाही. त्याची जबाबदारी विद्यापीठांकडे आणि शासनाकडेही जाते.

१९९१ ते १९९५ : मुदतवाढ आणि ट्रिप्स

रवींद्रनाथ ठाकूर यांचे निधन १९४१ मध्ये झाले. त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार होता. तो संपू नये या हेतूने डिसेंबर १९९१ मध्ये वटहुकूम काढण्यात आला आणि १९९२ च्या कायद्याने भारतातील मुदत ५० वरून ६० वर्षे झाली. ही वाढ कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने लादलेली नव्हती. परंतु एका लेखकासाठी बदललेला नियम सर्व भाषांना लागू झाला. कविवर्य भा. रा. तांबे हेही १९४१ मध्येच निवर्तले. त्यांची कविता १९९२ च्या आरंभी मुक्त व्हावयाची, ती २००२ मध्ये झाली. वामन मल्हार जोशी यांचे साहित्य १९९४ ऐवजी २००४ मध्ये, तर साने गुरुजींचे २००१ ऐवजी २०११ मध्ये सार्वजनिक मालकीचे झाले. 'श्यामची आई'च्या विविध प्रकाशकांच्या आवृत्त्या आज बाजारात मिळतात, त्यामागे ही तारीख आहे.

यानंतर अवघ्या काही वर्षांत परिस्थितीचे स्वरूपच बदलले. एप्रिल १९९४ मध्ये मोरोक्कोतील मराकेश येथे जागतिक व्यापार संघटना स्थापन करणाऱ्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. १ जानेवारी १९९५ पासून अमलात आलेल्या या करारसमूहात बौद्धिक संपदेच्या व्यापारविषयक बाजूंचा, म्हणजे ट्रिप्स करार समाविष्ट होता. त्याने बर्न कराराची पहिली २१ कलमे व परिशिष्ट व्यापार संघटनेच्या सर्व सदस्यांवर बंधनकारक केले. त्यातून लेखकाचे नाव आणि कृतीची अविकृतता जपणारा नैतिक हक्क तेवढा वगळण्यात आला. व्यापार करारात लेखकाच्या प्रतिष्ठेला स्थान नव्हते, आर्थिक हक्काला होते, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

बर्न करार मोडणाऱ्या देशास शासन करण्याची प्रभावी यंत्रणा पूर्वी नव्हती. ट्रिप्समुळे ती निर्माण झाली. प्रताधिकाराच्या कलमाचा भंग सिद्ध झाल्यास प्रतिपक्षाला अखेरीस अन्य मालावरील सवलती स्थगित करण्याची परवानगी मिळू शकते. पुस्तकाविषयीच्या वादाची किंमत द्राक्षे किंवा कापड निर्यात करणाऱ्याला मोजावी लागण्याची शक्यता त्यातून उद्भवते. ही यंत्रणा सर्वांना सारखी जाचक ठरते असेही नाही. उपाहारगृहांत व दुकानांत रेडिओवरील संगीत वाजविण्यास सूट देणारी अमेरिकेची तरतूद २००० साली व्यापार संघटनेच्या तंटा मंडळाने नियमबाह्य ठरविली. अमेरिकेने युरोपीय संघाला ठरावीक काळासाठी भरपाई दिली. कायदा मात्र बदलला नाही. असा पर्याय दुर्बल अर्थव्यवस्थेच्या देशाला सहसा परवडत नाही.

भारताच्या दृष्टीने ट्रिप्सचा तात्कालिक परिणाम मर्यादित होता, कारण येथील मुदत किमान मर्यादेहून १० वर्षांनी अधिकच होती. दूरगामी परिणाम मात्र वेगळा आहे. १९५५ मध्ये संसदेपुढे २५ वर्षांचा प्रस्ताव निदान मांडता आला होता. १९९५ नंतर ५० वर्षांखाली जाण्याचा विचार म्हणजे व्यापारी बंधनाचा भंग ठरतो. जो प्रश्न लोकप्रतिनिधींच्या चर्चेचा होता, तो आता परराष्ट्रांना दिलेल्या वचनाचा झाला आहे.

एकच पुस्तक, दोन देश

ट्रिप्सच्या अंमलबजावणीसाठी अमेरिकेने १९९४ मध्ये केलेल्या कायद्याचा मराठी पुस्तकांवर झालेला परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. तोवर अमेरिकेत औपचारिक नोंदणीअभावी संरक्षण न मिळालेल्या परदेशी कृतींना या कायद्याने नव्याने हक्क दिला. भारतीय कृतींच्या बाबतीत अट अशी की, १ जानेवारी १९९६ रोजी ती कृती भारतात प्रताधिकाराखाली असावी. तशी असल्यास आणि ती आधी अमेरिकेत प्रसिद्ध झालेली नसल्यास, जुन्या प्रकाशित ग्रंथाला अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षांचे संरक्षण मिळते. मूळ देशातील मुदत आधी संपली तरी तेथील मुदत संपत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला.

या नियमाने १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई'चा हक्क भारतात २०१० अखेर संपला. अमेरिकेत तो २०३० अखेरपर्यंत चालतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये मुंबईत स्वतः छापलेले जातिसंस्थेच्या उच्छेदाविषयीचे भाषण भारतात १ जानेवारी २०१७ पासून मुक्त आहे. अमेरिकेत त्याची मुदत २०३१ अखेरची. भा. रा. तांबे यांच्याबाबतीत तर दोन कायद्यांची साखळी दिसते. १९९२ ची वाढ झाली नसती, तर त्यांची कविता १९९६ पूर्वीच भारतात मुक्त होऊन अमेरिकेतील पुनःसंरक्षणास अपात्र ठरली असती. ठाकुरांसाठी दिल्लीत घेतलेल्या निर्णयाचा परिणाम अशा रीतीने व्यापार करारामार्फत अमेरिकेतील मराठी वाचकापर्यंत पोहोचला. मराठी पुस्तकांचे अनेक संगणकीय संग्रह अमेरिकेतील यंत्रणांवर साठविलेले असल्यामुळे हा भेद केवळ तात्त्विक राहत नाही. दहिसरमध्ये मुक्त असलेले पुस्तक तेथील ग्रंथालयाला निर्धास्तपणे मांडता येत नाही.

साठ की सत्तर?

एकविसाव्या शतकात प्रताधिकाराविषयीचा आग्रह द्विपक्षीय व प्रादेशिक करारांकडे वळला. युरोपीय संघात १९९३ च्या निर्देशापासून आणि अमेरिकेत १९९८ च्या कायद्यापासून मृत्यूनंतर ७० वर्षांची मुदत आहे. ही मुदत कराराद्वारे इतरत्र पसरल्याची उदाहरणे स्पष्ट आहेत. अमेरिकेशी केलेल्या मुक्त व्यापार करारानंतर ऑस्ट्रेलियाने २००५ मध्ये ती स्वीकारली. दक्षिण कोरियाने २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०२२ च्या अखेरीस तोच मार्ग अनुसरला. जपानचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. अमेरिका २०१७ मध्ये प्रशांत महासागरी भागीदारी करारातून बाहेर पडली आणि उर्वरित देशांनी ७० वर्षांचे कलम स्थगित ठेवले. तरीही जपानने डिसेंबर २०१८ मध्ये मुदत वाढविली.

भारतही या प्रक्रियेपासून अलिप्त नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो आशियातील सर्वंकष प्रादेशिक भागीदारीच्या वाटाघाटींतून बाहेर पडला. परंतु मार्च २०२४ मध्ये युरोपीय मुक्त व्यापार संघटनेच्या चार देशांशी आणि २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी त्याने केलेल्या करारांत बौद्धिक संपदेला स्वतंत्र स्थान आहे. भारताच्या समोर बसणारे बहुतेक विकसित देश आज ७० वर्षांची मुदत पाळणारे आहेत, हे लक्षात घेता या प्रश्नाचा विचार आधीच होणे इष्ट आहे.

मराठीच्या संदर्भात १० वर्षांची वाढ म्हणजे काय, हे ग्रंथकारांच्या नावांनिशी सांगता येते. सध्याच्या नियमाने दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे ग्रंथ १ जानेवारी २०२७ रोजी, तुकडोजी महाराजांचे २०२९ च्या, अण्णा भाऊ साठे व आचार्य अत्रे यांचे २०३० च्या, इरावती कर्वे यांचे २०३१ च्या, महामहोपाध्याय काणे यांचे २०३३ च्या, तर प्रबोधनकार ठाकरे यांचे २०३४ च्या आरंभी मुक्त होतात. मुदत वाढल्यास तोवर मुक्त न झालेले प्रत्येक नाव एक दशकाने पुढे सरकेल. वाढ २०१६ पूर्वी झाली असती, तर आंबेडकरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०२६ अखेरपर्यंत बंद राहिले असते.

यावर एक आक्षेप संभवतो. मुदतवाढीने लेखकाच्या कुटुंबाला आधार मिळतो, हा युक्तिवाद निराधार नाही. मात्र मृत्यूनंतर ६१ ते ७० या वर्षांत विकले जाणारे ग्रंथ मूठभर असतात. उरलेल्या ग्रंथांचे वारस शोधणे दुष्कर, मूळ प्रकाशनसंस्था अनेकदा बंद पडलेली आणि पुनर्मुद्रणास परवानगी देणारा कोणीच नाही, अशी स्थिती होते. कमाई कोणाचीच होत नाही आणि पुस्तक वाचकापर्यंत पोहोचतही नाही. हयात निर्मात्यांच्या हिताचा मार्ग वेगळा आहे. चित्रपटगीतांच्या लेखक-संगीतकारांना रॉयल्टीतील वाटा सोडून देण्यास भाग पाडता येऊ नये, ही २०१२ ची सुधारणा भारतीय संसदेने स्वतःच्या विचाराने केली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील निर्मात्या कलावंतांना तिचा जो उपयोग आहे, तो मुदतवाढीने साधणारा नव्हता.

अपवादांची जपणूक

मुदतीइतकेच महत्त्व कायद्यातील अपवादांना आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका छायाप्रतीच्या दुकानाविरुद्ध तीन परदेशी प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये दाखल केलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये फेटाळला. अपिलात खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये शिक्षणाच्या ओघात होणाऱ्या पुनरुत्पादनाविषयीच्या ५२ व्या कलमाचा उदार अर्थ कायम ठेवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. नेमलेल्या पुस्तकांतील प्रकरणांचे संच छायाप्रतींच्या रूपाने वापरणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाशी हा निर्णय संबंधित आहे. अपवाद ठरावीक खास प्रसंगांपुरते असावेत, कृतीच्या नित्य विनियोगाला बाधक नसावेत आणि हक्कधारकाच्या हिताला अवास्तव हानी पोहोचविणारे नसावेत, ही ट्रिप्सची त्रिविध कसोटी आहे. तिच्या चौकटीत अर्थ लावण्यास भारतीय न्यायालयांना आजवर वाव राहिला. भावी करारात अपवादांची अधिक काटेकोर व्याख्या स्वीकारली गेल्यास तो उरणार नाही.

आंतरराष्ट्रीय करार लोकहिताला नेहमीच मारक असतात, असा निष्कर्ष मात्र एकांगी ठरेल. दृष्टिहीन वाचकांसाठी सुलभ स्वरूपातील प्रती करण्याची व देशोदेशी पाठविण्याची मुभा देणारा करार २०१३ मध्ये मराकेश येथेच झाला. भारताने जून २०१४ मध्ये त्यास सर्वप्रथम अनुमोदन दिले; त्यास अनुरूप अपवाद भारतीय कायद्यात २०१२ मध्येच आलेला होता. हा करार व्यापारी देवघेवीतून नव्हे, तर विश्व बौद्धिक संपदा संघटनेच्या व्यासपीठावर, दृष्टिहीनांच्या संघटनांच्या सहभागाने घडला. एकाच शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९४ व २०१३ च्या या दोन करारांतील फरक, वाटाघाटीच्या दालनात वाचकाला जागा होती की नव्हती, यात आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, प्रताधिकाराची मुदत १८४७ पासून सातत्याने वाढत गेली असून ती एकदाही कमी झालेली नाही. दुसरा, १९१४ मधील भाषांतराची १० वर्षांची मर्यादा, १९८३ चा १ वर्षाचा परवाना आणि २०१२ चे अपवाद ही मराठीसारख्या भाषेच्या हिताची साधने देशांतर्गत कायद्यातून आली. त्यांतील काही आपण वापरलीच नाहीत. तिसरा, १९९२ ची वाढ चूक होती असे उद्या संसदेला वाटल्यास ती ६० वरून ५० वर आणता येईल. परंतु ७० वर्षांचे वचन करारात दिल्यास ते एकतर्फी मागे घेता येणार नाही. प्रताधिकाराच्या प्रश्नात व्यापार करारांचा खरा परिणाम हा आहे.

म्हणून अशा करारांतील प्रताधिकारविषयक कलमे स्वाक्षरीपूर्वी ग्रंथालये, विद्यापीठे, लेखक व प्रकाशक यांच्यापुढे येणे आवश्यक आहे. महाविद्यालयीन अध्यापकांच्या हातीही काही कामे आहेत. प्रत्येक भाषा-विभागाने आपल्या विषयातील दिवंगत ग्रंथकारांची निधनवर्षे व मुक्तीची वर्षे नोंदवून ठेवावीत, मुक्त झालेल्या ग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्या तयार कराव्यात आणि ३२ व्या कलमाखालील अनुवाद-परवान्याचा मार्ग एखाद्या ग्रंथापुरता तरी चोखाळून पाहावा. आज असलेल्या हक्कांचा वापर दिसून आला, तरच उद्याच्या वाटाघाटीत ते राखण्याची मागणी वजनदार ठरेल.